ध्रुव बसेना

गुडघ्याखाली पोतं घेऊन पद्मिनी गच्चीवर वाकली, एक डोळा मिटला आणि दुसरा कॅमेरा फिरवणाऱ्या माउंटच्या पोटातल्या त्या बोटभर दुर्बिणीला लावला. काळोख. कालही हेच, परवाही हेच. तिपाईचा पाय जरा डावीकडे सरकवला, पुन्हा वाकली, मान अवघडली, आणि दिसलं काय, तर काळोखच. असा संताप आला तिला, की ते सगळं धूड उचलून खाली लखनौतल्या आलमबागच्या रस्त्यावर फेकून द्यावं.

काम म्हटलं तर एवढंसं. कॅमेरा लावण्याआधी माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्यावर नेमका रोखायचा. तो एकदा बसला, की यंत्र आकाशाबरोबर आपोआप फिरतं आणि फोटोत तारे फरफटत नाहीत. निम्मी थंडी संपत आली होती आणि बँकेत कर्जाच्या फायली चुटकीसरशी निकालात काढणाऱ्या या बाईला एक तारा सापडत नव्हता.

तिच्या नवऱ्याने, भास्कररावांनी, मी बसवून देऊ का म्हणून दोनदा विचारून पाहिलं होतं. मानक नगरला रेल्वेच्या संशोधनात सारा जन्म मोजमापं करण्यात गेलेला माणूस, त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. पण पद्मिनीने त्यांना गच्चीचा जिना चढू दिला नव्हता. माझं मी शिकणार, म्हणाली. ते जरा फुगले आणि टीव्हीसमोर जाऊन बसले.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती तिला पुरती ठाऊक होती. मुलाने, वेदांतने, वडिलांशी भांडून रेल्वेची परीक्षा सोडली आणि पुण्याला नोकरी धरली, तेव्हापासून त्याचे फोन आटत गेले होते. ती मराठीत चार प्रश्न विचारायची, तो हिंदीत एकेका शब्दात उरकायचा. अखेर दिवाळीनंतर एकदा, फोन तुटू नये म्हणून काहीतरी बोलायचं, एवढ्याचसाठी ती म्हणाली होती, तुझं ते ताऱ्यांचे फोटो काढायचं मला शिकवशील का? आणि पुढच्याच आठवड्यात पार्सल आलं. त्याचाच जुना माउंट. याच गच्चीवर तो कॉलेजची सगळी वर्षं त्याच्यापाशी कुडकुडत उभा असायचा. पुण्याला जाताना घेऊन गेला होता, आता नवा घेतला म्हणून जुना आईला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. पाय सरळ कर, बुडबुडा मध्ये आण, उत्तर बघ. मध्येच त्याच्या ऑफिसातल्या गोष्टी निघायच्या, घरमालकिणीच्या तक्रारी निघायच्या. एकदा तर तो मनापासून हसला, आणि त्या हसण्यावर तिने पुढचा आठवडा काढला. फक्त एकदा तो बोलता बोलता म्हणून गेला होता, "एक बार ध्रुव बैठ गया ना आई, फिर बाकी सब तू व्हिडिओ देखके कर लेगी. मेरी ज़रूरत नहीं पड़ेगी." तारा दिसावा म्हणून जीव कासावीस व्हायचा, आणि दिसला तर काय, या विचाराने त्याहून जास्त.

आज धुकं नव्हतं. उत्तरेला अमीनाबादच्या बाजूचा उजेड पसरला होता आणि त्याच्या वर ध्रुव साध्या डोळ्यांनी स्वच्छ दिसत होता. पद्मिनी उठली, यंत्राच्या मागे उभी राहिली आणि अक्षाच्या रेषेत सरळ समोर पाहिलं. अक्ष ताऱ्याकडे नव्हताच मुळी. तो पार खाली, शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून होता.

उंचीचा स्क्रू हलवायचा नाही, अशी वेदांतची सक्त ताकीद होती. मी बसवून पाठवलंय, त्याला हात लावू नकोस. तिने तो ढिला केला. अक्ष वर उचलला, वाकली, आणि बोटभर दुर्बिणीत एक टपोरा ठिपका सरकत आला आणि मधोमध थांबला. ती खुळ्यासारखी एकटीच हसली. मग टॉर्चचा उजेड पाडून बाजूची अंशांची पट्टी वाचली. काटा सत्तावीसच्या जवळ होता. आधी होता साडेअठरावर.

तिने मोबाइलवर शोधलं. ध्रुव ज्याच्या त्याच्या गावाच्या अक्षांशाएवढाच वर दिसतो. लखनौ, जवळजवळ सत्तावीस. पुणे, साडेअठरा.

म्हणजे कार्ट्याने पुण्याची उंची तशीच ठेवून पाठवलं आणि इकडे आई थंडीत मान मोडून घेतेय! चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवूनच तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"दिखा?"

त्या एका शब्दात उत्सुकता नव्हती. धास्ती होती. पद्मिनीच्या जिभेवर आलेलं सगळं तिथेच थांबलं.

"नाही रे," ती म्हणाली. "आजही नाही."

पलीकडे त्याने श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

"कोई बात नहीं. कल फिर देखते हैं." मग जरा जास्तच सहज आवाजात, "वो ऊँचाईवाला स्क्रू तो नहीं हिलाया ना?"

पद्मिनीने पुन्हा काट्याकडे पाहिलं. ज्या मुलाने याच गच्चीवर इतक्या थंड्या हाच माउंट, हाच तारा रोज संध्याकाळी बसवला होता, त्याला लखनौचा आकडा ठाऊक नाही?

"नाही हलवला," ती म्हणाली. "तूच तर सांगितलंयस."

"हाँ." तो घुटमळला. आणि मग कधी नव्हे तो मराठीत बोलला, "आणि बाबांना हात लावू देऊ नकोस हं, आई. ते दोन मिनिटांत बसवतील."

समोर ध्रुव मधोमध बसलेला होता. तिने चाचपडत स्क्रू शोधला आणि अक्ष हळूहळू पुन्हा टाकीकडे उतरवला.

"नाही लावू देत," असं म्हणून ती पोत्यावर ऐसपैस मांडी घालून बसली.