मशीनच्या खोलीतल्या दुपारी

"काका, प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असताना लघवी अशी तुंबायला नको होती," डॉक्टर म्हणाले. "मध्येच बंद केल्या होत्या का?"

काका म्हणजे टॉकीजमधले जुने ऑपरेटर. बायको शेजारीच बसली होती. ऑपरेटरांनी उभी हयात सिनेमाच्या मशीनमागे अंधारात काढलेली. आता असे लख्ख उजेडात सापडल्यावर त्यांची बोबडीच वळली.

"त्या गोळ्यांनी कोरडंच होतं हो सगळं," ते कसेबसे पुटपुटले. "पुरुषासारखं काही वाटेना. म्हणून दिल्या सोडून."

डॉक्टर हसले नाहीत. त्या गोळ्यांनी असं होतं, म्हणाले. आता प्रोस्टेटचं ऑपरेशन करावं लागेल, आणि ते केलं, की बहुतेकांचं हे कायमचंच होतं. वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि लघवीतून निघून जातं. त्यानं अपाय काही नाही. ताठरपणा, सुख बहुधा टिकतं.

"दोघं बोलून घ्या, मग सांगा."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर बोलायचं सोडून ऑपरेटरांना भलतंच आठवलं. लग्नानंतर घरात खोली एकच. तीत आई-वडील, भाऊ आणि ही नवी नवरी. मग दुपारच्या खेळाला ती डबा घेऊन मशीनच्या खोलीत यायची. आतून कडी, आणि रीळ संपेपर्यंत जग दोघांचं. एकदा रीळ कधी संपलं ते कळलंच नाही. पडदा पांढराफटक, खाली शिट्ट्यांचा गदारोळ, मालक दार बडवतोय आणि हे उलटा शर्ट घालून दुसरं रीळ चढवताहेत! काय दिवस होते ते.

"हसताय कशाला?"

"पांढरा पडदा आठवला."

"चला, काहीतरीच!" ती लाजली, पण लगेच तिचे डोळे भरून आले. "इतके महिने भिंतीकडे तोंड करून झोपताय. मला वाटलं, माझाच वीट आला तुम्हाला."

"वेडी की काय तू! अगं, मलाच माझी लाज वाटत होती."

"मग मला विचारायचं तरी. माझी काही तक्रार होती का? गोळ्या सोडून जिवाशी खेळ कसला!"

ऑपरेटरांना भडभडून आलं. "कायमचं जाईल गं ते."

"जाऊ दे. तुम्ही राहा."

डॉक्टरांना होकार कळवायला दोघं उठली. नळीला जोडलेली लघवीची पिशवी तिनं त्यांच्या हातातून काढून घेतली. नळी आखूड होती. त्यामुळे त्या लांबलचक व्हरांड्यातून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, दोघांना अगदी अंगाला अंग लावून चालावं लागलं.