पुढे छप्पन, मागे चव्वेचाळीस

माझा धाकटा भाऊ देवानंद कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा तो करमणूक म्हणून नाही, हे घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. माझी बायको रमा म्हणायची, बरं आहे, बिचाऱ्याचा दिवस तरी जातो. शेजारपाजारचे यायचे, पडद्यावरची हिरवी रेसची गाडी बघायचे, 'अरे वा, देवानंद तो रेसर बन गया' म्हणायचे आणि चहा पिऊन निघून जायचे. भिलाईच्या स्मृति नगरात चहाला कुणी नाही म्हणत नाही. मी मात्र त्याच्या बाजूला स्टुलावर बसून घाम पुसत असायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

काय झालं ते आधीच सांगतो. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात देवानंद आणि त्याची बायको वसुंधरा आमच्या जुन्या जीपनं गोंदियाला निघाले होते. वसुंधराच्या धाकट्या भावाचं साक्षगंध होतं. त्यांची मुलगी शालू, तेव्हा साडेतीन वर्षांची, आठवडाभर आधीच आजोबांकडे जाऊन राहिली होती. राजनांदगावच्या पुढे चिचोल्याच्या उतारावर, डावीकडच्या वळणावर देवानंदनं ब्रेक मारला. जीपचा मागचा भाग गर्रकन फिरला आणि ती पाठमोरी नाल्यात गेली. वसुंधरा जागीच गेली. देवानंद वाचला, पण कमरेखाली जीव राहिला नाही. तेव्हापासून तो माझ्याकडे. सकाळी मी त्याला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचो आणि मग स्टील प्लांटच्या स्टोअरात कामाला जायचो.

दवाखान्यात त्याचे सासरे जानराव आले तेव्हा तो त्यांना एवढंच बोलला, "मामाजी, माह्या हातानं झालं." जानरावांनी ऐकून घेतलं, मान खाली घातली आणि गेले. शालूला त्यांनी परत पाठवलं नाही. आम्ही तरी कुठल्या तोंडानं मागणार होतो.

कॉम्प्युटर त्याला ऑफिसातल्या दोस्तांनी जोडून दिला. गेमची सीडी त्यातल्याच एकाच्या भाच्यानं पुण्याहून पाठवली. जुन्या काळच्या रेसच्या गाड्या, बारीक टायरच्या, कुठे पंख नाही की काही नाही. दोस्तांना वाटलं, पोराचं मन रमेल. देवानंदनं पहिल्या आठवड्यात एकही रेस लावली नाही. तो सेटिंगचं पान उघडून बसला. स्प्रिंग किती कडक, गाडी जमिनीपासून किती वर, टायरमध्ये हवा किती, ब्रेक पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती, सगळं आकड्यांत बदलता यायचं. प्लांटमध्ये पंधरा वर्षं ड्रॉइंग काढलेला माणूस तो. आकडा दिसला की त्याची नजर तिथून हलत नसे.

"दादा, हिले मी जीप बनवून राहिलो," तो मला म्हणाला.

आणि खरंच बनवली त्यानं. स्प्रिंग नरम केले, गाडी होईल तितकी उंच केली, हवा उतरवली, टाकी फुल ठेवली, गिअर असे लावले की साठच्या वर जायला नको. एका ट्रॅकवर त्याला उतार आणि डावं वळण असलेली जागा सापडली. तिथे तो जॉयस्टिक मागे ओढून ब्रेक मारायचा, पुन्हा मागे जायचा, पुन्हा मारायचा. गाडीचं नाक बाहेर निघालं की म्हणायचा, "तोंड टाकलं." मागचा भाग फिरला की म्हणायचा, "शेपूट टाकली." त्याला शेपूट हवी होती. चिचोल्याला जीपनं शेपूट टाकली होती आणि ती का टाकली, एवढंच त्याला माहीत करून घ्यायचं होतं. ब्रेक मारून फिरली, की घाबरून स्टिअरिंग ओढलं म्हणून फिरली? पहिलं असेल तर गाडीचा दोष. दुसरं असेल तर बायको त्याच्या हातानं मेली.

गाडी दर वेळी तोंडच टाकायची. सरळ घसरत जायची आणि थांबायची. शेपूट यायची ती फक्त त्यानं मुद्दाम स्टिअरिंग हिसकलं की.

कारण एक आकडा तो कधीच बदलत नव्हता. ब्रेक पुढे छप्पन, मागे चव्वेचाळीस. जीपचा अंदाज घेऊन त्यानंच तो पहिल्या दिवशी बसवला होता. "फ्रंटचं काम तर तू करून आणलंच होतं," तो म्हणायचा, "म्हून ते धड होतं असं धरून चालू." आणि माझ्या तोंडात मिठाची गुळणी.

भिलाई-३ ला रेल्वे लाइनच्या काठाला तेजरामचं गॅरेज होतं. अपघाताच्या चार दिवस आधी मी जीप त्याच्याकडे टाकली होती. पुढच्या दोन्ही चाकांत ग्रीस उतरून ब्रेकचे लायनर बाद झाले होते. गोंदियाला निघायच्या आदल्या दिवशी मी गेलो, तेव्हा तेजराम एका ट्रकखाली उताणा पडलेला, फक्त पाय बाहेर. लाइनवरून मालगाडी चालली होती. मी ओरडून विचारलं, "तेजराम, आगे का ब्रेक?" खालून उत्तर आलं, "कल, साहेब."

कल. तीस वर्षं इथे राहून माझी हिंदी माझ्या मराठीपेक्षा चांगली झालीय असं मी चारचौघांत मिरवायचो. हिंदीत कल म्हणजे काल आणि उद्यासुद्धा, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण कान आईच्या भाषेत वाढलेला. त्यानं कल ऐकलं आणि काल समजून घेतलं. जीप धुऊन उभी होती, चाकं लागलेली होती, किल्ली आत होती. मी बसलो आणि घेऊन आलो. देवानंदला सांगितलं, काम काल झालं. संध्याकाळी त्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दादा, ब्रेक बरोबर पकडून नाही राहिला." मलाही येताना ते जाणवलं होतं. तरी मी म्हणालो, "नवीन लायनर आहे, बसाले टाइम लागते." स्टोअरात पावत्या फाडणारा बाबू मी, कुणी विचारलं नसताना इंजिनिअर झालो.

वसुंधराच्या तेरवीला तेजराम आला. मला बाजूला घेऊन हात जोडून म्हणाला, "हम तो कल बोले थे साहेब. आप उसी दिन ले गए." त्याला वाटत होतं, आम्ही जाणूनबुजून तशीच नेली. तिथे दारात उभ्या उभ्या मला सगळं कळलं. मी त्याला प्रसाद दिला आणि फाटकापर्यंत सोडून आलो.

त्या दिवशी दवाखान्यात जाऊन देवानंदला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, आत्ताच कुठे शुद्धीवर आलाय, सावरू दे. मग म्हटलं, सावरलाय, आता कशाला जखम उकरा. माणसाला न बोलायचं असलं की कारणं आपोआप सुचत जातात. पुढे कॉम्प्युटर आला आणि मी त्याच्या शेजारी बसून मदतही करायला लागलो. "स्प्रिंग अजून नरम करून पाह्य," मी म्हणायचो. "मागच्या टायरची हवा कमी कर." बोट नेमकं त्या एका आकड्यापासून दूर ठेवायचो. तो माझं ऐकायचा. मोठा भाऊ ना मी.

नव्याण्णवच्या मे महिन्यात गोंदियाहून रजिस्टर पत्र आलं. वसुंधराच्या थोरल्या भावाला मूलबाळ नव्हतं. शालू आता त्यालाच बाबा म्हणते, तिला कायदेशीर दत्तक घ्यावी म्हणतो, असं जानरावांनी लिहिलं होतं. सोबत दत्तकपत्र होतं, खाली देवानंदच्या सहीची जागा मोकळी. राग नव्हता पत्रात. 'तुम्हास योग्य वाटेल ते करावे,' एवढंच.

देवानंदनं ते आठ दिवस उशाशी ठेवलं. रविवारी दुपारी कूलर लावून, खिडकीला ओला पडदा टाकून आम्ही बसलो. रमा आतल्या खोलीत आडवी झाली होती.

"दादा, आज शेवटचं," तो म्हणाला. "वीस वेळा मारतो. एकदाबी शेपूट आली नाही, तं समजाचं मीच स्टिअरिंग ओढलं. मंग सही करून देतो. आईले मारनाऱ्या बापापाशी पोरगी कावून ठेवाची?"

"अन् आली तं?"

"तं शालूले आनाले जाऊ. तू अन् मी."

त्यानं सुरुवात केली. उतार, वळण, ब्रेक. तोंड टाकलं. पुन्हा. तोंड टाकलं. तो मोठ्यानं मोजत होता, एक, दोन, तीन. अकराला मी उठलो आणि पाणी प्यायलो. चौदाला पुन्हा येऊन बसलो. त्याच्या टी-शर्टची पाठ घामानं ओली झाली होती. सतराव्या वेळी गाडी सरळ जाऊन गवतात थांबली आणि त्यानं जॉयस्टिकवरचा हात काढून डोळे पुसले. मला वाटलं, आता मी काही बोललो नाही तर हा खरंच सही करेल. आणि मी नाही बोललो तर माझं काहीच वाकडं होणार नाही, हेही वाटलं. ते दोन्ही एकाच वेळी वाटलं, म्हणून मला स्वतःची किळस आली.

"ब्रेकचा आकडा मागं घे," मी म्हणालो.

"कावून? फ्रंट तं नवीन होता ना."

मी त्याच्या हाताखालून माउस ओढला, सेटिंगचं पान उघडलं आणि तो काटा सरकवत गेलो. पुढे चाळीस. पुढे तीस. खेळ जिथपर्यंत जाऊ देईल तिथपर्यंत नेला, म्हणजे पुढचा ब्रेक जवळजवळ नाहीच, सगळा जोर मागच्या चाकांवर. देवानंद पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"चालव," मी म्हणालो.

उतार आला, वळण आलं. त्यानं ब्रेक मारला आणि स्टिअरिंग जराही हलवलं नाही. गाडीचा मागचा भाग उजवीकडून गर्रकन पुढे आला आणि ती पाठमोरी गवतात गेली. त्यानं दुसऱ्यांदा चालवली. तसंच झालं. तिसऱ्यांदाही. मग त्यानं कॉम्प्युटर बंद केला.

मी सगळं सांगितलं. मालगाडी, ट्रकखालचे पाय, कल. एकही गोष्ट स्वतःच्या बाजूनं वळवली नाही, एवढं एकच पुण्य त्या दिवसाचं. तो ऐकत राहिला. मधे एकदा 'कल' हा शब्द त्यानं स्वतःशीच उच्चारून पाहिला.

"तुले कवा समजलं?"

"तेरवीच्या दिवशी."

"मंजे सतरा महिने."

"हो."

"ऐकण्यात चूक झाली तुही," तो हळू म्हणाला. "ते मी एका दिवसात माफ केलं असतं, दादा. मीबी तसंच ऐकलं असतं कदाचित. पन तू इथं बसून मले सांगे, स्प्रिंग नरम कर."

मी म्हणालो, "मी उद्याच गोंदियाले जातो. मामाजीच्या पाया पडतो, सगळं सांगतो. शालूले घेऊन येतो."

"कुठं आनतो?"

"घरी."

"कोनाच्या घरी?" त्यानं खोलीभर पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत होता. "मी तिले उचलून घेऊ शकत नाही. मलेच सकाळी तू उचलते. ती पाच वर्साची होते आता. इथं येईन, तुले मोठे बाबा म्हनन, तुह्या हातून शाळेत जाईन, अन् मी खुर्चीत बसून पाहात राहू? नाही तं तिले सांगू का, तुही आई कशी गेली ते? मंग तिनं ह्या घरी जेवावं कसं?"

"मी दुसरीकडं राहाले जातो. तुम्ही दोघं राहा इथं."

"अन् मले उचलन कोन?"

आतून रमानं विचारलं, चहा ठेवू का. आणि स्वतःच ठेवला. स्टोव्हचा आवाज यायला लागला. देवानंदनं कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवलेलं दत्तकपत्र उचललं, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि सही केली. ड्रॉइंगवर करायचा तशीच, पूर्ण नाव, खाली तारीख.

"तिच्या आईले मी नाही मारलं," तो म्हणाला. "हे मले माहीत झालं, तेवढंच खूप झालं." मग कागद माझ्यापुढे धरला. "खाली साक्षीदाराची जागा आहे. तिथं सही कर. आता तरी साक्ष दे."

मी नको म्हणालो. तो कागद धरूनच राहिला. शेवटी मी पेन घेतलं आणि त्याच्या सहीखाली माझी सही केली.

रमा चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून तिनं कप ठेवले आणि न विचारता आत गेली. चहा तसाच राहिला. थोड्या वेळानं देवानंद म्हणाला, आडवं व्हायचंय. मी खुर्ची पलंगाजवळ नेली, वाकलो आणि त्याच्या काखेखाली हात घातले. मी उचलायला लागलो की तो नेहमी माझ्या मानेला धरायचा. त्या दिवशी धरलं नाही. त्याचे दोन्ही हात खाली लोंबत राहिले, आणि सगळं वजन मी एकट्यानं पलंगापर्यंत नेलं.