कुलदीपची गाडी

मोटारसायकलची सीट उचलली तर खाली उंदराचं घरटं होतं. कापूस, पॉलिथिनच्या चिंध्या आणि त्यात कुरतडलेल्या वायरींचे लाल-हिरवे तुकडे. श्यामने ते हाताने काढून पेपरवर ठेवलं.

"दोन वर्सं हितंच उभी हाय ती," सिक्युरिटीचे नानासाहेब म्हणाले. "आता शेड पाडून चार्जिंगचा स्टँड करणार हायेत. शनिवारी भंगारवाला येतोय. तू कशाला हात घालतो राव?"

गाडी कुलदीप राहांगडालेची होती. निघोज्याजवळच्या या कारखान्यात तो कंत्राटी कामगार होता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शिफ्टला वेल्डिंगच्या रोबोटच्या तडाख्यात सापडून जागीच गेला. त्याला गोंदियाकडच्या गावी नेलं, गाडी मात्र पार्किंगमध्येच राहिली.

"घरी पोचवतो," श्याम म्हणाला. "त्याच्या बायकोशी बोललोय. तिनं तसं पत्रही पाठवलंय."

"मग रेल्वेत टाक की."

"नाही, मीच चालवत नेतो."

"हिच्यावर? नऊशे किलोमीटर आसंल." नानासाहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझा कोण लागत व्हता त्यो?"

श्यामने घरट्याचा पेपर गुंडाळला. तो त्या कारखान्यात मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन होता, तेवीस वर्षं.

टेम्पोत घालून त्याने गाडी तळवड्याला आपल्या सोसायटीत आणली. दोन रविवार त्याने तिच्यासाठी ठेवले. इंजिन ठीक होतं, वायरिंगची मात्र वाट लागली होती. बॅटरी मेली होती, कनेक्टर हिरवे पडले होते. त्याने सगळ्या वायरी बाहेर काढल्या, जमिनीवर पसरल्या आणि एकेक तपासत गेला. खराब भाग कापला, नवी वायर सोल्डर करून जोडली, वर स्लीव्ह चढवली. टेप गुंडाळून भागलं असतं, पण तीन दिवस खड्ड्यांतून हादरे खात जायचं होतं. हँडल वळल्यावर वायर ताणली जाऊ नये म्हणून तिथे थोडी सैल सोडली, इंजिनच्या उष्णतेपासून लांब बांधली. फोन चार्ज करायला सॉकेट बसवलं, त्याला वेगळा फ्यूज दिला.

पहिल्या रविवारी दुपारी कुलदीपची बायको दिपाली हिचा फोन आला.

"तुमी एवढं करून राहिले भाऊ," ती म्हणाली. "कंपनीतून कोणी साधा फोन पण नाही केला. आमच्या ह्यायचीच चूक होती म्हणे. स्वतः दार उघडून आत गेले, असं साहेबानं सांगितलं."

श्यामच्या हातात पकड होती. "लाइटचं काम बाकी आहे," तो म्हणाला. "ते झालं की निघतो."

दुसऱ्या रविवारी गाडी सुरू व्हायला हवी होती, होईना. करंट सगळीकडे येत होता. शोधत शोधत तो साइड स्टँडच्या स्विचपर्यंत पोचला. स्टँड खाली असताना इंजिन चालू नये, म्हणून तो स्विच असतो. तो आतून गंजला होता. कासारवाडीच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, "मंगळवारी मिळेल. नाहीतर डायरेक्ट करून टाका ना, सगळेच करतात."

श्यामने बोटभर वायर कापली. दोन्ही टोकं सोलली. स्विच वगळून दोन वायरी एकमेकींना जोडायच्या, मिनिटाचं काम. हात सवयीने पुढे गेले आणि तिथेच थांबले.

त्याची बायको साधना चहा घेऊन खाली आली तेव्हा तो गाडीशेजारी जमिनीवर बसला होता.

"बरं वाटत नाही का?"

"साधना, त्या रोबोटच्या जाळीला दार आहे. दार उघडलं की सेन्सरमुळे रोबोट थांबतो."

"बरं."

"तो सेन्सर सारखा बिघडायचा, लाइन थांबायची. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, आजची शिफ्ट निघू दे, उद्या नवा येतोय. मी वायर टाकून तो डायरेक्ट केला. नवा आलाच नाही. अकराव्या दिवशी आत पार्ट अडकला. कुलदीप दार उघडून गेला. त्याला वाटलं, रोबोट थांबणारच."

साधनाने कप खाली ठेवला.

"इन्स्पेक्टर यायच्या आधी ती वायर मीच काढली. साहेबांनी काढायला सांगितली, मी काढली. रिपोर्टमध्ये कामगाराचा निष्काळजीपणा लिहिला. त्यावर माझी सही आहे."

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर वाजत होता.

"तुम्ही हे तिला सांगायला चाललायत?"

"हो."

"सांगून तो परत येणार आहे का? नोकरी जाईल. पोलीस येतील दारात."

"येतील."

"ऋचाची परीक्षा सतरा तारखेला संपतेय. तोवर तरी थांबा." ऋचा त्यांची मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती.

"दोन वर्षं थांबलोच की."

ती कप न उचलता वर गेली.

मंगळवारी त्याने नवा स्विच आणून बसवला. स्टँड खाली केला, इंजिन बंद पडलं. वर करून बटण दाबलं, चालू झालं. चार-पाच वेळा करून पाहिलं. मीटरवर चार्जिंग बघितलं, जास्तीचे फ्यूज आणि बल्ब पिशवीत भरले. गुरुवारी सकाळी तो निघाला तेव्हा साधना खाली आली नाही. पण दर दोन-तीन तासांनी तिचा फोन येत राहिला. "कुठं पोचलात?" एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो देवरीजवळच्या गावात शिरला. गाडीचा आवाज ऐकून कुलदीपची म्हातारी आई बाहेर आली आणि टाकीवर हात ठेवून उभी राहिली. दिपालीने खाट टाकली, पाणी दिलं. त्यांची सहावीतली मुलगी दारात उभी होती.

"बसा जी, जेवूनच जा," दिपाली म्हणाली.

"आधी माझं ऐकून घ्या," श्याम म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. कुठेच स्वतःला सोडवलं नाही, साहेबांचं नावही लपवलं नाही. बोलून झाल्यावर तो मान खाली घालून बसला. शिवी येईल, निदान रडणं तरी येईल, असं त्याला वाटत होतं.

"म्हणजे ह्यायची चूक नव्हती," दिपाली म्हणाली.

"नव्हती."

ती सासूजवळ गेली आणि तिच्या कानाशी वाकून तेच वाक्य मोठ्याने बोलली. मग परत आली.

"हे लिहून द्या."

मुलीने वहीचं पान फाडून दिलं. श्यामने खाटेवर वही टेकवून तारीख, शिफ्ट, मशीनचा नंबर, सेन्सर, वायर, सगळं लिहिलं आणि खाली सही केली. दिपालीने कागद घेतला. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचला. मग एका जागी बोट ठेवून तो त्याच्यासमोर धरला.

"इथं नुसतं कुलदीप लिहिलं तुमी."

श्यामने पेन पुन्हा हातात घेतलं. मधलं नाव त्याला माहीत नव्हतं. त्याने वर पाहिलं.

"मंसाराम," ती म्हणाली. "कुलदीप मंसाराम राहांगडाले."

ओळीत तेवढी जागा नव्हती. मुलीने न सांगता दुसरं पान फाडून दिलं, आणि श्यामने पहिल्यापासून लिहायला घेतलं.