सही त्याची, ठसा माझा

मी मोहर बोलतेय. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतली. दचकू नका, साधं दार वाजलं तरी आधी मीच दचकते. बिडाचं अंग, पितळी दात, वर लांब दांडा. कागद दातांत धरायचा, दांडा दाबायचा, की उठावाचा ठसा उमटतो. एवढंच माझं आयुष्य.

आणि तो? तो पेन! राहायचा मखमली डबीत. सही झाली की सगळे कॅमेरे त्याच्यावर. मी मागच्या खोलीत, फडक्याखाली. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मला सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मोहरताई म्हणत. त्या रोज ब्रशने माझे दात घासायच्या, आठवड्याला तेल द्यायच्या.

राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी एक माफीपत्र आलं. त्यांच्याच जावयाचं. त्याने बांधलेला पूल पडून एकोणीस माणसं गेली होती. तुरुंगात त्याला वर्षही झालं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष आजारी, सही इतकी वाकडी की त्यांचीच कशावरून, असं कोणीही विचारावं. पण नियम होता : ठसा पूर्ण उमटला, तर सहीवर शंका घेता येत नाही. अर्धवट उमटला, तर कागद रद्द. आणि दुपारी बाराला मुदत संपत होती.

मोहरताईंनी कागद माझ्या दातांत दिला. दांडा निम्म्यावर आणला आणि थांबल्या.

"ताई, बाराला दोन मिनिटं आहेत," सचिव म्हणाले.

"दाबतेय हो साहेब. जुनं यंत्र, माझ्या गुडघ्यांसारखंच कुरकुरतं."

"कालच तेल दिलंत ना?"

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. दांडा तिथेच धरून ठेवला. मला कळलं, त्या ठसा अर्धाच ठेवणार होत्या.

पण समोर त्या पेनाची सही होती. उद्या हा कागद सगळीकडे छापून येणार, आणि त्याच्या शेजारी मी अशी पुसट? मी सगळा भार खाली सोडला. कच्च!

"काय केलंस गं हे?" ताई पुटपुटल्या. त्यानंतर त्यांनी माझ्या दातांना ब्रश लावला नाही.

पुलावर नवरा गेलेली एक शिवणकाम करणारी बाई या माफीविरुद्ध न्यायालयात गेली. न्यायाधीशांनी भिंगातून माझा ठसा पाहिला. "मोहर पूर्ण आहे. माफी कायदेशीर." जावई घरी आला. तेव्हापासून जाणारा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष आपल्या माणसांना सोडवून जातो, आणि वकील याच निकालाचा दाखला देतात.

पेन आता संग्रहालयात आहे, काचेच्या पेटीत. मीही तिथेच आहे. तिकीटखिडकीवर, माहितीपत्रकं उडू नयेत म्हणून.

ती बाई दरवर्षी पूल पडला त्या तारखेला येते. काचेपुढे उभी राहते. "हाच तो मेला," म्हणते आणि जाते. बघा, शिव्यासुद्धा त्यालाच!

बाई, एकदा खिडकीशी थांबा. पत्रकांवरचं हे वजन उचलून बघा. त्या कागदाचा एक धागा अजून माझ्या दातांत अडकलाय. तो बघा, आणि मग काय बोलायचं ते मला बोला.