सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

पलंग आखूड आहे, हे बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. आमच्या ह्यांनीच केलाय तो. हे सुतार. पलंग लहान असला की खोली मोठी दिसते, म्हणून बिल्डरनं मुद्दाम तसा सांगितला होता. त्या सॅम्पल फ्लॅटची झाडलोट माझ्याकडे.

लग्न झालं, पण संसार कसला डोंबलाचा! मी भावाकडे वहिनीची बोलणी खातेय, हे कारखान्यात भुशात झोपतात. भाडी आमच्या आवाक्याबाहेर. बिल्डरला जादा मजले हवे होते. त्या बदल्यात त्यानं इथंच थोडी स्वस्त घरं द्यायची, अशी बोलणी पालिकेत चालली होती; हा सॅम्पल फ्लॅट त्याच घरांचा. आम्ही अर्जासाठी टपून बसलेलो. ओटा पुसताना मी रोज मनातल्या मनात त्यावर माझे डबे मांडायची. वेडीच मी!

काल नगरसेवक पाहणीला आले आणि त्या पलंगाशी उभे राहूनच जुंपली त्यांची.

"घरं इथंच हवीत," एक बाई म्हणाल्या. "माणसं कामाला इथं चालतात, मग राहायला का नकोत?"

अगदी माझ्या मनातलं बोलल्या!

"त्यापेक्षा बिल्डरकडून पैसे घेऊन निधीत टाकू," दुसरे म्हणाले. "तेवढ्यात शहराबाहेर तिप्पट घरं होतील."

"कधी?"

"होतील हो!"

असा संताप आला मला! पण खिडकी पुसत राहिले.

आज कळलं, पैसेच घ्यायचं ठरलं. इथं स्वस्त घरं होणार नाहीत, मग सॅम्पल तरी कशाला? पलंग खोलायला हेच आले.

"घेऊन जा की, फुकट!" मुकादम म्हणाला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. भावाकडे चटई पसरायची मारामार, कारखान्यात मालक ठेवू देणार नाही.

"ठेवायचा कुठं?" मी म्हटलं.

मुकादम हसत खाली गेला. मी पलंगावर आडवी झाले, तर पाय बाहेर लोंबायला लागले.

"अगदीच तोकडा केलात हो!"

हेही शेजारी पाय दुमडून पडले. किती दिवसांनी ह्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता! मला तिथून उठावंसंच वाटेना.

खालून मुकादमाची हाक आली.

"आपला करताना लांब करा हं," मी म्हटलं.

"करतो की," हे म्हणाले, पण पेचकस काही ह्यांच्यानं उचलवेना.