भिमाबाईंचा खडू

नव्या राज्याच्या शिक्षण खात्यातून आलेल्या साहेबांनी टेबलावरचा तांब्या उचलून कपाटात ठेवला आणि भिमाबाईंच्या हाती खडू दिला.

"आता काढा. न बघता."

गुलाबराव मास्तर मागच्या भिंतीशी उभे होते. प्रयोग त्यांचाच होता. वस्तू बघायची, झाकायची, आठवून काढायची, मग उघडून आपल्या चुका शोधायच्या. असं शिकलेलं पक्कं होतं, हे त्यांनी मानसशास्त्राच्या संशोधनात वाचलं होतं. ते चित्रकलेत सिद्ध करायला त्यांनी प्रशिक्षणाला आलेल्या वीस बायांचे दोन गट पाडले. दुसऱ्या गटाला नवी पद्धत. पहिल्या गटानं रिवाजाप्रमाणे पुस्तकातले नमुने उतरवत बसायचं. पाच आठवडे.

उंद्रीच्या भिमाबाई पहिल्या गटात होत्या. नमुना समोर असला की सुरेख काढायच्या, पुस्तक मिटलं की हात थिजायचा. मास्तरांना ते केव्हाचं दिसत होतं. एक शब्द सांगितला असता तरी पुरे होतं, पण मग प्रयोग बिघडला असता. आज फळ्यावर जमलं नाही तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर गावच्या शाळेतली नेमणूक गेली. त्यांना जमलं नाही, तरच मास्तरांची पद्धत खरी ठरणार होती. आपण एका बाईच्या नापास होण्याची वाट बघतोय, हे जाणवून मास्तरांना स्वतःचीच किळस आली.

भिमाबाईंनी डोळे मिटले. बोट हवेत एकदा फिरलं. मग खडू फळ्याला लागला. गळा आला, पोट आलं, बूड आलं. तांब्याचा काठ एका बाजूला जरासा चेपलेला होता, तोही आला.

त्यांच्या गटातल्या बाकीच्या नऊजणींनीही काढला, आधी दुसऱ्या गटानं काढला होता तसाच.

"दोन्ही गट सारखेच की हो," साहेब म्हणाले. "मग तुमच्या पद्धतीनं साधलं काय? का गटांची सरमिसळ झाली? तसं असेल तर परीक्षा रद्द. दिवाळीनंतर पुन्हा घ्या, तोवर दाखले नाहीत."

"विचारून सांगतो," म्हणत मास्तर बाहेर आले. भिमाबाई व्हरांड्यात हाताचा खडू झटकत होत्या.

"हे कुठं शिकल्या तुम्ही?"

त्यांनी पदर सावरला.

"आशाबाईनं शिकोलं जी, आमाले साऱ्याइले. थे दुसऱ्या गटातली. रोज सकाळी परातीत पीठ पसरायचं, गडवा पाहायचा, झाकायचा, अन् बोटानं काढायचा. चुकलं का पुसायचं. मंग त्याच पिठाच्या भाकरी."

"पहिल्या गटाला सांगायचं नाही, असं बजावलं होतं ना मी?"

"हाव जी. पण काऊन नाही सांगाचं, थे नाही सांगतलं तुमी. एका चुलीवर जेवतो आमी. तिले येते अन् मले येत नाही, हे तिच्यानं पाहवलं नाही जी."

मास्तरांच्यानं मात्र पाच आठवडे पाहवलं होतं.

ते आत गेले. साहेब लेखणी घेऊन बसलेच होते.

"झाली का सरमिसळ?"

"नाही झाली, साहेब."

नव्या पद्धतीनं काही फरक पडत नाही, नमुन्यांची पुस्तकं चालू ठेवावीत, असं साहेबांनी लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. मास्तरांनी सही केली. मग भिमाबाईंचा दाखला आजच मिळेल का, असं विचारलं.