तीन जिवंत किडे

दोन मिलिमीटर भोकांची पितळी चाळणी.

शेजारच्या देशाच्या अध्यक्षांनी भर भाषणात आमच्या मंत्र्यांची टिंगल केली.

धाकट्याच्या सदऱ्याला येणारा औषधाचा वास. आई म्हणते, हा जिन्यात असतानाच कळतं.

किलोभर गव्हात दोन जिवंत किडे चालतात. तिसरा चालत नाही.

हे सगळं एका सकाळी माझ्या टेबलावर एकत्र आलं. मी परदेशी जाणारं धान्य तपासते. माझा धाकटा भाऊ त्याच धान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात औषधाची धुरी देतो. त्या दिवशीचा गहू शेजारच्या देशात जायचा होता. मी नमुना चाळला. पुन्हा चाळला. किडा सोडा, खडासुद्धा नाही.

साहेब स्वतः आले. बसले नाहीत. म्हणाले, त्यांना गहू द्यायचा नाही असं वर ठरलंय. पण बंदी घातली की बोभाटा होतो, कीड निघाली तर कुणाचं काही जात नाही.

"तीन लिहा."

"साहेब, एकही नाही."

"शोधा. देशाचे किडे आहेत, देशासाठी एवढं करतील."

अहवालासोबत किडे काचेच्या नळीत घालून द्यावे लागतात. मला अजून सहा वर्षं नोकरी हवी होती. दुसऱ्या दिवशी मी घरच्या पिठाच्या डब्यातले तीन नेले.

कुणाचं काही जात नाही म्हणे. कीड निघाली म्हणजे धुरी नीट दिली नव्हती. पुढच्याच महिन्यात धाकट्याची चौकशी लागली.

चौकशीला मलाही बोलावलं होतं. नळी खोलीभर फिरली. सगळ्यांनी ती दुखवट्याला आल्यासारख्या चेहऱ्यांनी पाहिली. शेवटी धाकट्याकडे आली. त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली.

गव्हातल्या किड्याला सोंड असते. पिठातल्याला नसते, अख्खा दाणा त्याला फोडताच येत नाही. त्या खोलीत हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

माझ्याकडे न बघता त्यानं नळी खाली ठेवली. औषध कमी पडलं असेल, चूक माझीच, असं म्हणाला. त्याला तिथंच कामावरून काढलं.

जिन्यात मी त्याला गाठलं.

"ताई, पिठाच्या डब्याला ऊन दाखव," तो म्हणाला. "आई त्यातलंच खाते."

नंतर कळलं, गहू न्यायला आलेलं जहाज, नमुना माझ्या टेबलावर येण्याच्या आदल्या दिवशीच, रिकामं परत पाठवलं होतं.